म्हातारी उठत न्हाय

तळा या गावाच्या फाट्यावर वलीभायचं गॅरेज. गॅरेज म्हणायचं आपलं; चार खांब, वर पत्रा आणि मागे दोन खोल्या, त्यात तो आणि त्याची बायको रहिमुन्निसा. कोणी नवी कोरी गाडी घेऊन आलं, की हा लांबूनच हात जोडायचा. "बाबा रे, हिच्यात कॉम्प्युटर हाय आणि मी चौथी पास. पुढं जा." त्याच्याकडे यायच्या त्या सगळ्या उतारवयातल्या. मुंबईत कोणी टाकलेल्या, पनवेलला कोणी विकलेल्या, दार सुतळीने बांधलेल्या, काचेच्या जागी पुठ्ठा लावलेल्या. वरच्या वाड्यांना एसटी दिवसातून एकदा, तीही तिच्या मर्जीनं. मग माणसांनी बाजाराला, बँकेत, दवाखान्यात जायचं कशात? या खटाऱ्यांतच जायचं. नावं ठेवायची, शिव्या घालायच्या आणि त्यांच्यातच बसायचं.

पावसात या गाड्या कशाबशा ढकलल्या जातात, उन्हाळ्यात तापतात आणि पाणी पितात. पण थंडी आली की त्यांचं खरं सोंग सुरू होतं. तिकडे किनाऱ्यावर काशीदला थंडी म्हणजे पर्यटकांची चैन, शाल पांघरून फोटो काढण्यापुरती. तळ्याच्या वरच्या अंगाला डोंगरात मात्र पहाटे दव असं पडतं की पत्र्यावरून टपटप गळतं. झिजलेली डिझेल इंजिनं अशा गारठ्यात काही केल्या पेट घेत नाहीत. डिसेंबर लागला की वलीभायच्या फोनला उसंत नसायची. अर्ध्या लोकांना तो फोनवरच वाटेला लावायचा. रात्री उतारावर लाव, बॉनेटवर गोधडी टाक, सेल्फ सारखा मारू नको, बॅटरी उतरेल. आणि शेवटचं, ठरलेलं वाक्य: "ऊन पडू दे. मी येतो."

माणूस तोंडाचा वाईट होता, मनाचा नव्हे. अठरा वर्षं कुवेतला एका इस्पितळाच्या गॅरेजात काढली, ॲम्ब्युलन्स दुरुस्त करत. बस, एवढंच. पण वाड्यांतल्या लोकांनी त्याला अर्धा डॉक्टर करून टाकला होता. बाया गोळ्यांची पाकिटं घेऊन गॅरेजवर यायच्या, "वलीभाय, ही जेवायच्या आधी का नंतर?" आणि हा पण लेकाचा स्पॅनर न सोडता ठोकून द्यायचा, "नंतर!" मला माहीत नाही म्हणायला त्याची जीभ वळायची नाही. आपल्याला कोणी विचारतं याचा त्याला आनंदच व्हायचा. कोणाला नाही होत?

त्याचं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात डोकेदुखीचं गिऱ्हाईक म्हणजे कोंडवाडीचा बाळाजी. भातशेती करून सकाळी वाडीतल्या माणसांना तळ्याच्या बाजारात सोडायचा. त्याने पेणकडून चौथ्या हाताची जीप आणली, तेव्हा त्याची आई सगुणा ओवाळायला बाहेर आली, जीपभोवती एक फेरी मारली आणि आरतीचं ताट हातात धरून म्हणाली, "आगं बाय, ही तर माझ्यापरीस म्हातारी!" वलीभाय तिथंच उभा होता. असली संधी तो सोडतो होय? "ठरलं तर मग. हिचं नाव म्हातारी." तेव्हापासून तळ्यापासून कोंडवाडीपर्यंत जीपला कोणी जीप म्हटलं नाही. म्हातारी आली, म्हातारी गेली, म्हातारी घाटात बसली.

आता बाळाजी आईला तोंडावर आये म्हणायचा आणि चारचौघांत म्हातारी, जसं सगळेच म्हणतात. त्यामुळे घरात झाल्या दोन म्हाताऱ्या. बाळाजीचा फोन आला, "वलीभाय, म्हातारी आज रुसली," की वलीभाय हटकून विचारायचा, "कुठली रे? दोन पायांची का चार चाकांची?" बाळाजी हसायचा. मागून सगुणाआयचा आवाज यायचा, "मेल्याला सांग, दोन पायांची अजून धडधाकट हाय!" वलीभायचा तिच्यावर जीव होता. त्याची स्वतःची आई तो कुवेतला असताना गेली, माती द्यायलाही पोचला नव्हता. सगुणाआय थंडीत मडक्यात शेंगा आणि कोंबडी भाजून पोपटी लावायची तेव्हा त्याच्यासाठी वेगळं मडकं असायचं, कोंबडीशिवायचं, नुसत्या वालाच्या शेंगा आणि अंडी. त्याला आमचं कापलेलं चालत न्हाय, असं ती सुनेला दर खेपेला बजावायची.

जानेवारीतला तो मंगळवार. सहा वाजून गेले होते. वलीभाय मागच्या मोरीवर वजू करत होता आणि फोन वाजला. हात ओले, नमाजला उशीर झालेला. रहिमुन्निसाने फोन स्पीकरवर टाकून त्याच्यापुढे धरला.

"वलीभाय, म्हातारी उठत न्हाय रे."

"मग नवीन काय सांगतोस? कालची थंडी बघितलीस ना?"

"नुसती घरघर लागलीय. पार गार पडलीय." बाळाजीचा आवाज बसलेला होता. वलीभायला वाटलं, ह्यालाही सर्दी झाली.

"गार पडणारच. वय काय तिचं? गोधडी टाकलीस का?"

"टाकली. दोन टाकल्या. वलीभाय, तळ्याला घेऊन येऊ का? तू सांग. मला काय सुचत न्हाय."

"वेडा का खुळा तू? घाटात जीव सोडील ती. मधेच काय झालं तर कोण बघणार? अजिबात हलवू नको. हात लावू नको, शांत पडू दे. ऊन पडलं की आपोआप उठेल. मी येतो."

"बरं होईल ना रे?"

"अरे, मी हाय ना! ह्याच्याहून वाईट वाईट उठवल्यात मी." आणि लाइन तुटली. कोंडवाडीत रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी येते, तीही वारा असेल तशी. रहिमुन्निसाने फोन पुसला आणि वलीभाय नमाजला उभा राहिला.

कुठली, हे त्या दिवशी त्याने विचारलं नाही. नेमकं त्याच दिवशी नाही विचारलं. एका मस्करीला लागतो तो किती वेळ? पण हात ओले होते आणि नमाजची वेळ चालली होती.

नमाज झाली, चहा झाला, चहाबरोबर पाव झाला. फाट्यावर तबरेजची व्हॅन बंद पडलेली, तिच्यात काशीदला निघालेली मुंबईची माणसं, पोरांची रडारड. वलीभायने आधी ती घेतली. सातच्या सुमारास कोंडवाडीवरून एक फोन आला होता, तो त्याने व्हॅनखालून निघाल्यावर बघितला. "बघ, ह्याला दम निघत न्हाय," असं तबरेजला म्हणत त्याने उलट फोन लावला. लागला नाही. मग स्कूटरच्या पायापाशी चार्ज केलेली बॅटरी ठेवली, पाने घेतले आणि साडेआठला निघाला. ऊन मस्त पडलं होतं. खरं सांगायचं तर तो त्या वाटेने गुणगुणत चालला होता. पुढे कित्येक दिवस त्याला त्या गुणगुणण्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटली.

बाळाजीचं घर वाडीच्या टोकाला. जीप अंगणाच्या अलीकडे, उतारावर, घराकडे पाठ करून उभी असायची. वलीभाय वळणावर आला आणि त्याला इंजिनाचा आवाज ऐकू आला. चालू! चांगली खडखडत चालू! बाळाजी स्टिअरिंगवर मान खाली घालून बसलेला दिसला. वलीभायने स्कूटर लावली आणि इंजिनाच्या वरताण ओरडला, "अरे, उठली की म्हातारी! आणि मला मेल्या बॅटरी घेऊन बोलावतोस?"

बाळाजी गर्रकन वळला. वलीभायकडे नाही, घराकडे. तोंड उघडं, डोळे मोठे. एवढ्याशा क्षणापुरता त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद आला की वलीभायने तसा आनंद त्याच्या लग्नातही बघितला नव्हता. मग त्याला दारातल्या वहाणा दिसल्या, शेजारच्या बायका दिसल्या, आणि तो चेहरा पुन्हा खाली पडला. वलीभायने त्याच्या नजरेबरोबर तिकडे बघितलं. तेव्हा त्यालाही वहाणा दिसल्या. मग आतलं रडणं ऐकू आलं, इतका वेळ इंजिनाखाली दबलेलं.

"या अल्ला," तो म्हणाला.

बाळाजी खाली उतरला. दोघे एकमेकांसमोर उभे राहिले. बाळाजीने स्कूटरवरच्या बॅटरीकडे बघितलं, पान्यांच्या पिशवीकडे बघितलं, आणि वलीभायला दिसलं की याला कळलं. सगळं कळलं. त्याने जीपमध्ये हात घातला आणि इंजिन बंद केलं.

बाळाजीची बायको तुळशी पाणी घेऊन बाहेर आली. तिला बिचारीला काय ठाऊक. ती रडत रडत सगळं सांगू लागली. "पाच वाजता हाक मारली तर उठंना. तोंड वाकडं झालेलं, घशात घरघर. ॲम्ब्युलन्सला फोन लावला, तर ती माणगावला पेशंट घेऊन गेलेली. आणि ही जीप बघा भाय, कधी न्हाय ती पयल्या सेल्फला चालू झाली! सगळी म्हनाली, म्हातारीचं नशीब. चौघांनी खाटेसकट उचलली पन होती. तेवढ्यात हे टाकीवरनं धावत आले. म्हनाले, थांबा, वलीभाय हलवू नको म्हनतो, घाटात जीव जाईल. मग ठेवली परत. दोन गोधड्या घातल्या. साडेसातला ऊन दारात आलं आणि गेली. आता हे पाव्हन्यांना आनायला जीप काढत होते."

तिने एवढं सांगून पदर तोंडाला लावला. वलीभायला बोलायचं होतं. खरंच होतं. पण तोंड उघडायच्या आत शेजारचा बाबाजी म्हातारा काठी टेकत आला आणि त्याने वलीभायच्या खांद्यावर हात ठेवला. "बरं सांगितलंस रे पोरा. माझी बायको त्या घाटातच गेली, रस्त्यावर, अनोळखी लोकांत. ही आपल्या घरात गेली, लेकाच्या मांडीवर गेली. तुला कळतं म्हणून तू अडवलंस." भोवतीच्या दोघातिघांनी माना हलवल्या. बाळाजी जमिनीकडे बघत होता.

दुपारी वलीभायने ओढ्यापर्यंत खांदा दिला. नको कोणी म्हणालं नाही, उलट पुढचा खांदा त्याला दिला. सगुणाआय इतकी हलकी होती की त्याला वाटलं, ही स्कूटरवरून पण आली असती. चार चाकंही लागली नसती.

घरी येऊन त्याने रहिमुन्निसाला सगळं सांगितलं. ती कपाळाला हात लावून बसली. फोन तिनेच धरला होता, ऐकलं तिनेही होतं आणि तिलाही जीपच वाटली होती. दोघांनी ती बोलणी पुन्हा पुन्हा म्हणून बघितली. घरघर लागलीय. गार पडलीय. गोधडी टाकलीस का. प्रत्येक शब्द दोन्हीकडे बसत होता. एकच होतं, बाळाजीचा आवाज. "तो रडत होता," रहिमुन्निसा म्हणाली. "आपण सर्दी समजलो." थोड्या वेळाने ती म्हणाली, "जाऊन सांगा तुम्ही. सगळ्यांसमोर सांगा आणि माफी मागा. मय्यतच्या घरात खोटी शाबासकी घेऊन फिरू नका. ती अंगाला लागत न्हाय."

पण शाबासकी काही थांबेना. तळ्यात भाजीवाली सोनल त्याला म्हणाली, "वलीभाय, कोंडवाडीच्या म्हातारीचं ऐकलं, बरं केलंत." कोणीतरी आजारी बापाला मुंबईला हलवावं का हे विचारायला गॅरेजवर आलं. वलीभाय त्याच्यावर असा खेकसला की तो माणूस घाबरून पळाला. "डॉक्टरला विचार! मी कोण? मी मेकॅनिक हाय!" लोक म्हणाले, वलीभायला म्हातारीचं फार लागलेलं दिसतं.

बाराव्याला तो गेला. अंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून, मनाशी वाक्य पाठ करून गेला. अंगणात मांडव घातलेला, पंगत बसायची होती. बाळाजीने त्याला बघितलं, हातातलं सोडलं आणि त्याला गोठ्यामागे घेऊन गेला.

"आज मी सगळ्यांना सांगणार," वलीभाय म्हणाला. "मला जीप वाटली. मला माफ करू नकोस, पण मला सांगू दे."

"कळलं होतं मला. त्याच दिवशी."

"मग त्यांना पण कळू दे. लोक मला शहाणा म्हणतात रे. मला जेवण जात न्हाय."

बाळाजीने गोठ्याच्या भिंतीला पाठ टेकली. त्याच्या डोक्यावरचे केस काढलेले, त्यामुळे तो एकदम वयस्कर दिसत होता. मग म्हणाला, "काय सांगशील? बाईला गाडी समजलो, हेच ना? ऐकतील, हळहळतील. आणि चार दिवसांनी काय होईल ते तुला ठाऊक हाय. तूच सांग, दुसऱ्या कोणाचं असं झालं असतं तर फाट्यावर पयलं कोणी सांगितलं असतं?"

खरं होतं. वलीभायनेच सांगितलं असतं. आवाज काढून, नक्कल करून, घरघरीपाशी थोडं थांबून. तबरेजने मांडीवर थाप मारली असती. चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, होळीला, दर वर्षी ते पुन्हा सांगितलं गेलं असतं.

"माझ्या आयेचं मरण लोकांनी हसत सांगितलेलं मला चालनार न्हाय," बाळाजी म्हणाला. "त्यापरीस तू शहाणा ऱ्हा. ऱ्हायलाच पायजे तुला."

"आणि तू? तुला काय वाटतं माझ्याबद्दल? शिव्या तरी घाल."

"सकाळी उठतो तवा वाटतं, तू मारलीस. दुपारपर्यंत वाटतं, मी मारली. गाडी चालू असून नेली न्हाय, माझीच अक्कल गेली होती. संध्याकाळी मग दमतो." त्याने नाक पुसलं. "चल. पानं वाढल्यात."

वलीभाय त्याच्यामागून गेला. बाबाजी म्हाताऱ्याने त्याला आग्रहाने आपल्या शेजारी बसवून घेतलं. पंगतीत नुसता भात कालवल्याचा आवाज, आणि मधेच तुळशीचं हुंदका गिळणं. मग बाबाजी म्हणाला, "वलीभाय, गप्प का रे? तू असा गप्प बसलास तर तिला पन बरं वाटायचं न्हाय. तुझं नि तिचं किती जमायचं. सांग की तिचं काहीतरी."

सगळ्यांनी माना वर केल्या. पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे त्याच्याकडे बघू लागले, आता हा हसवणार म्हणून. बाळाजी वाढता वाढता थांबला. त्याच्या हातात वरणाचं भांडं होतं. तो पण बघत होता.

वलीभाय पाणी प्यायला. पाठ केलेलं वाक्य जिभेवर येऊन बसलेलं होतं. त्याने ते मागे ढकललं आणि दुसरंच सुरू केलं. "जीप आणली त्या दिवसाचं सांगतो. पयल्यांदा बसवली सगुणाआयला पुढच्या सीटवर. देवळात शिरतात तशी नमस्कार करून चढली. तळ्याला पोचलो, म्हटलं, उतरा आता. तर ही उतरेना. म्हणाली, आधी माझ्या वहाणा दे. म्हटलं, कुठायत वहाणा? तर म्हणते, अशा कशा घालून चढायच्या, लक्ष्मी हाय ती! गाडीखाली काढून ठेवल्यात!"

पंगत हसली. बाबाजी खोकेपर्यंत हसला. "मग?" कोणीतरी विचारलं.

"मग काय! वहाणा इथं अंगणात, आणि आई तळ्याच्या बाजारात अनवाणी! बाळाजीला म्हणते, जा, परत फिरव. आणि ही जीप एकदा बंद केली की चालू कोण करणार?"

पुन्हा हसले. तुळशीही पदराआडून हसली. बाळाजी हसत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्यात कोणाला काही वेगळं वाटलं नाही.

"अजून एक सांग," पोरं म्हणाली.

वलीभायने अजून एक किस्सा सांगितला. मग अजून एक. पानावरचा भात गार झाला तरी तो सांगत राहिला. थांबला असता तर ते पाठ केलेलं वाक्य तोंडातून बाहेर पडलं असतं, आणि हे लोक त्यालाही हसले असते.